फ्युचरिस्टिक स्नीकर घेताना: दिसणं किती आणि पायाचं सुख किती

गेल्या मे महिन्यात चोपड्याजवळ आमच्या नात्यातलं लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते आणि मांडव जेमतेम पाऊण किलोमीटरवर होता. बँडवाल्यांनी अहिराणी गाणी धरली, पोरं नाचायला लागली आणि तेवढ्या अंतराला दोन तास लागले. माझा भाचा चंदेरी रंगाचे, लाटांसारख्या जाड सोलचे नवेकोरे स्नीकर घालून आला होता. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये त्याच्या पायांचे फोटो. साडेसहाला तो माझ्याशेजारी खुर्चीवर येऊन बसला, बूट ओढून काढले आणि म्हणाला, "मामा, देखाले भारी शेत, पन पाय जळी ऱ्हायनात." म्हणजे दिसायला भारी आहेत, पण पाय जळताहेत.

मोजा काढला तर करंगळीच्या बाहेरच्या अंगाला रुपयाएवढा फोड आलेला, आणि टाचेच्या वर कातडी सोलून मोज्याला चिकटलेली. मी बूट हातात घेऊन आत बोटं घातली. टाचेच्या वरच्या काठाला शोभेसाठी प्लॅस्टिकची पट्टी होती आणि तिची कड नेमकी तिथेच टोचत होती. नंबर बरोबर होता, नऊच. पंजा मात्र त्याच्या पायाला दोन बोटं तरी अरुंद.

जळगावात आमचं चपला-बुटांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. फुले मार्केट आणि गोलाणीत फिरून झाल्यावर पोरं आमच्याकडे येतात आणि मोबाइलमधला फोटो दाखवतात: सोलमध्ये हवेचे फुगे, जाळीदार तळ, लेसच नाही. असे फ्युचरिस्टिक, म्हणजे भविष्यातून आल्यासारखे दिसणारे बूट घेऊ नका, असं मी कुणालाच सांगत नाही. मला ते मनापासून आवडतात, त्यामागे खरी कारागिरी असते. पण घेण्याआधी कोणत्या क्रमाने काय तपासायचं, हे भाच्याला त्या दिवशी मांडवात सांगितलं. तेच इथे सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी तास मोजा

किमतीच्या आधी, रंगाच्या आधी हा हिशोब. हा बूट एका वेळी सलग किती तास पायात राहणार आणि त्यातले किती तास तुम्ही उभे किंवा चालत असणार? कागदावर लिहा. एरंडोलहून बस पकडून बांभोरीला विद्यापीठात जाणाऱ्या मुलीचे सकाळी सात ते संध्याकाळी सहा असे अकरा तास होतात. मोबाइलच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलाचे दहा. लग्न, वाढदिवस, फोटो, कॉलेजचं गॅदरिंग यांचे दोन ते तीन.

माझा हिशोब असा आहे. तीन तासांपर्यंतचा बूट असेल तर दिसण्याला हवं तेवढं झुकतं माप द्या, फक्त तो चावता कामा नये. तीन ते सहा तासांसाठी दोन्ही समान. सहा तासांच्या वर गेलात की पाय म्हणेल तसं, आणि दिसणं त्यात बसलं तर बसलं. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगी गडावर पायी जाणारी मंडळी तर दिवसाला दहा-बारा तास चालतात, तेही डांबरी रस्त्याने. दरवर्षी त्यातलं कुणीतरी निघायच्या आदल्या दिवशी नवा भारीतला बूट घ्यायला येतं. मी विकत नाही. जुना, रुळलेला बूट घालून जा म्हणून सांगतो.

वजनही याच हिशोबात धरा. साध्या रनिंग बुटाचा एक पाय २५० ते ३०० ग्रॅमचा असतो. जाड सोलचा फॅशन स्नीकर सहज ५०० च्या पुढे जातो. दिवसाला सहा हजार पावलं चालत असाल तर प्रत्येक पाय तीन हजार वेळा उचलला जातो. एका बुटात २५० ग्रॅम जास्त असतील तर दोन्ही पाय मिळून दिवसाला दीड टन वजन जास्तीचं उचलतात. संध्याकाळी पोटऱ्या का भरून येतात, ते यावरून कळेल.

मग पाय मोजा, तोही संध्याकाळी

दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर चांगलाच. म्हणून सकाळी घेतलेलं माप संध्याकाळी खोटं ठरतं. कोरा कागद भिंतीला लावून फरशीवर ठेवा. टाच भिंतीला टेकवा, पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणालातरी पेन्सिल सरळ उभी धरून खुणा करायला सांगा. तुम्ही स्वतः वाकलात की पाय हलतो. सगळ्यात लांब बोटाशी एक खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट पुढे असतं. मग पंजा सगळ्यात रुंद असेल तिथे दोन्ही बाजूंना खुणा करा. दोन्ही पायांचं असंच माप घ्या आणि मोठा निघेल तो पाय खरा धरा.

आपण "मला आठ नंबर लागतो" म्हणतो तो ब्रिटिश नंबर. त्यातला एक नंबर म्हणजे लांबीत इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपियन नंबर त्याहून लहान टप्प्यांत वाढतो, पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. म्हणून एकाचा दुसऱ्यात केलेला हिशोब कधी नेमका बसत नाही आणि प्रत्येक कंपनीचा साचा निराळा असतो तो वेगळाच. बुटाच्या जिभेमागच्या लेबलवर सेंटिमीटरचा आकडाही छापलेला असतो. मोठ्या ब्रँडच्या बुटात तो बहुधा पायाची लांबी सांगतो. तुमच्या कागदावरचं माप त्याच्याशी ताडून बघा.

खरी अडचण रुंदीची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय नंबरांची पद्धत मांडली. भारतीय पंजा ब्रिटिश-युरोपियन मापांपेक्षा रुंद असतो आणि त्यामुळे लोक लांबीत मोठा बूट घालून वेळ निभावतात, हे त्यातून पुढे आलं. दुकानात बसून हे मी रोज बघतो. लहानपणी शेतात अनवाणी किंवा चपलेत वाढलेल्या पोराची बोटं मस्त पसरलेली असतात. फ्युचरिस्टिक डिझाइनचा कल मात्र टोकदार, बाणासारख्या पुढच्या भागाकडे. मोठा नंबर घेऊन पंजा बसतो, पण टाच आत वर-खाली होते आणि तिथे फोड येतो. त्यापेक्षा रुंद साचा शोधा. काही कंपन्या डब्यावर '२ई' किंवा '४ई' लिहितात, ती रुंदीची खूण.

दुकानातली सगळ्यात भरवशाची चाचणी फुकट आहे. बुटातला इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी बाहेर काढा, फरशीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. बोटांच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे आणि करंगळीकडून पाय इनसोलच्या बाहेर सांडता कामा नये. भाच्याचा पाय त्या चंदेरी बुटाच्या इनसोलवर ठेवला तेव्हा करंगळी अख्खी बाहेर होती. हे त्याने दुकानातच पाहिलं असतं तर फोड आलाच नसता.

डिझाइन वाचायला शिका

भविष्यातल्यासारखा दिसणारा प्रत्येक भाग काहीतरी करत असतो किंवा काहीच करत नसतो. कोणता भाग कोणत्या कामाचा, हे कळलं की निम्मी निवड झाली.

हवेचा फुगा घ्या. अमेरिकेतल्या अवकाश उद्योगात काम केलेल्या मॅरियन फ्रँक रुडी या इंजिनिअरने बुटाच्या तळात वायू भरलेली पिशवी घालण्याची कल्पना नायकेला दिली. १९८७ मध्ये नायकेचा डिझायनर टिंकर हॅटफिल्ड याने 'एअर मॅक्स'च्या तळाला खिडकी ठेवून तो फुगा बाहेरून दिसू दिला. पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या इमारतीत नळ आणि पाइप बाहेरून दिसतात, त्यावरून त्याला हे सुचलं होतं. चांगल्या कंपनीचा फुगा खरोखर धक्का झेलतो. पण त्याला काटा लागला तर तो दुरुस्त होत नाही, आणि आपल्या शेताच्या बांधावर बाभळीचे काटे किती असतात ते मी सांगायला नको. त्यातही काही स्वस्त बुटांत फुगा म्हणजे नुसतं पारदर्शक, कडक प्लॅस्टिक असतं. अंगठ्याने जोरात दाबा. दबून परत येत नसेल तर ती फक्त शोभा.

दुसरा प्रकार फोमचा. बहुतेक स्नीकरांच्या तळात ईव्हीए फोम असतो. हलका, स्वस्त, मऊ. उष्णतेत तो आणखी मऊ पडतो आणि वापरात हळूहळू चेपत जातो. २०१३ मध्ये आदिदासने बीएएसएफ या रसायन कंपनीबरोबर 'बूस्ट' आणला. त्यात टीपीयू नावाच्या लवचीक प्लॅस्टिकचे बारीक दाणे फुगवून एकमेकांना जोडलेले असतात, थर्माकोलसारखे दिसणारे. तो जरा जड, पण तापमानाचा परिणाम त्याच्यावर कमी होतो. आपल्याकडे जानेवारीची थंडी आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन एकाच बुटाला सोसायचं असतं. म्हणून पैसे परवडत असतील तर रोजच्या वापराला मी टीपीयू दाण्यांचा तळ सुचवतो.

तिसरा प्रकार पोकळ रचनांचा. २०१३ मध्येच आदिदासने 'स्प्रिंगब्लेड' आणला होता, तळाला सोळा वाकड्या पात्या. २०१७ मध्ये कार्बन या कंपनीबरोबर द्रव रेझिनपासून प्रकाशाच्या साहाय्याने छापलेला जाळीचा तळ आला, 'फ्युचरक्राफ्ट फोर-डी' नावाने. दिसायला दोन्ही अप्रतिम. जाळीच्या तळाची घडण मी तर भिंगाखाली धरून बघितली आहे, मधाच्या पोळ्यासारखी एकेक काडी. पण पोकळी आहे म्हणजे त्यात खडा जाणार आणि पावसाळ्यात काळी माती जाणार. आपली काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. जाळीत वाळलेली माती सुईने उकरायला बसलात तर एक रविवार जातो. शहरातल्या फरशीसाठी हा तळ उत्तम, शेताच्या रस्त्याला नको.

चौथा, एकाच साच्यात ओतलेला फोमचा बूट, ना शिलाई ना लेस. पावसाळ्यात धुवायला सोपा. उन्हाळ्यात घाम आत साचतो आणि मोजा न घालता चाललं तर घसरतो. पाचवा, विणलेल्या अप्परचा, म्हणजे वरच्या आवरणाचा, मोज्यासारखा पायात बसणारा. खान्देशच्या उकाड्यात हाच सगळ्यात सुखाचा, कारण हवा खेळती राहते आणि रुंद पंजाला तो थोडा ताणून जागाही देतो. त्याच्यावर चंदेरी किंवा चकचकीत प्लॅस्टिकचा थर दिलेला असेल तर मात्र हे दोन्ही फायदे गेले. बूट उजेडाकडे धरून आत बघा. विणीतून प्रकाशाचे ठिपके दिसले तर हवा जाईल.

राहता राहिले आपोआप घट्ट होणारे बूट. १९८९ च्या एका हॉलिवूडपटात ते पडद्यावर दिसले आणि नायकेने २०१६ मध्ये तसे खरे बूट बाजारात आणले. त्याच कंपनीच्या २०१९ च्या 'अडॅप्ट' बुटाला मोबाइल ॲप जोडलेलं होतं. ते ॲप कंपनीने २०२४ मध्ये बंद केलं. बुटावरच्या बटणांनी घट्ट-सैल होतं, पण ॲपमधल्या सोयी गेल्या. जुने असे बूट कुणी विकायला काढले असतील तर हे लक्षात ठेवा. बुटाचं आयुष्य बॅटरीवर आणि ॲपवर टांगलेलं असेल, तर मी त्यात पैसे घालणार नाही.

आणि तळाची उंची. धावण्याच्या स्पर्धांसाठी वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेने रस्त्यावरच्या बुटाच्या तळाला ४० मिलिमीटरची मर्यादा घातलेली आहे. फॅशनच्या बुटांना अशी मर्यादा नाही, ५०-६० मिलिमीटरचेही असतात. उंच आणि मऊ तळावर घोटा लवकर मुरगळतो, आणि आपल्या रस्त्यांच्या कडा कशा तुटलेल्या असतात ते रोज दिसतं. उंच तळ हवाच असेल तर त्याचा खालचा भाग वरच्यापेक्षा रुंद पसरलेला आहे का, ते बघा.

दुकानातली पाच मिनिटं

बूट काउंटरवर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली दिसली तर जोडी परत द्या. टाचेमागचा भाग चिमटीत दाबा, तो घट्ट हवा. मग पुढचा भाग वर वाकवा. बोटं जिथे वाकतात तिथेच बूट वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर तळपायाची कमान दुखणार. कुठेच वाकत नसेल, तर तळ पाळण्यासारखा गोल आहे का बघा. तसा गोल तळ पायाला पुढे लोटतो, म्हणून कडक असला तरी चालतो. सपाट आणि कडक असा बूट नको. शेवटी ओला टॉवेल पिळतो तसा बूट पिळा. थोडासा पिळला जावा, चिंधीसारखा नको.

आत बोटं फिरवा. शिलाईची गाठ, प्लॅस्टिकची कड, वाळलेल्या पेस्टिंगचा, म्हणजे चिकटवायच्या गोंदाचा खडा, जे बोटाला लागेल ते दहा पट पायाला लागेल. मग दोन्ही पायांत घालून फरशीवर चाला, गालिच्यावर नको, आणि जिना उतरून बघा. उतरताना बोटं पुढे आदळली तर बूट लहान. "वापरून वापरून सैल होईल" असं दुकानदार म्हणाला तर चामड्याच्या बाबतीत ते थोडंफार खरं आहे. प्लॅस्टिक चढवलेला अप्पर सैल होत नाही. माझ्याच धंद्यातल्या माणसांविरुद्ध बोलतोय खरं, पण हे वाक्य ऐकून घेतलेली जोडी बहुधा कपाटात पडून राहते.

ऑनलाइन मागवलात तर टॅग न काढता संध्याकाळी घरातल्या टाइल्सवर तासभर घाला. बूट परत करण्याची मुदत किती आणि नंबर बदलून मिळतो का, हे पैसे भरण्याआधी वाचा. आणि 'फर्स्ट कॉपी'चा मोह आवरा. बाहेरचा आकार हुबेहूब असतो, आतला फोम, फुगा, पेस्टिंग यांची नक्कल नसते. तेवढ्याच पैशांत एखाद्या ओळखीच्या कंपनीचा साधा, खरा बूट येतो.

आपलं ऊन, आपला चिखल, केळीचा चीक

बूट कितीही भारी असला तरी मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद गाडी उन्हात इतकी तापते की ईव्हीए आक्रसतो आणि पेस्टिंग सुटतं. एका गिऱ्हाइकाने दोन महिने डिकीत ठेवलेली जोडी आणली होती. डावा बूट अर्ध्या नंबरने लहान झाला होता आणि पुढून सोलने तोंड उघडलं होतं. वाळवायचे ते सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून. बोळे दोन-तीन तासांनी बदला.

रावेर-यावलकडच्या पोरांसाठी एक खास गोष्ट. पांढरा विणलेला स्नीकर घालून केळीच्या बागेत जाऊ नका. केळीचा चीक आधी पाण्यासारखा दिसतो, तासाभरात तपकिरी होतो आणि मग कशानेच जात नाही. चुकून पडलाच तर वाळण्याआधी लगेच साबणाच्या पाण्याने धुवा, तेवढीच संधी असते. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असते तेव्हाही हेच. घड, चाकू, पानं, सगळीकडे चीक.

पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा तळ असलेले बूट जपून ठेवण्यात अर्थ नसतो. हवेतला ओलावा त्याला आतून तोडत राहतो. चार-पाच वर्षं डब्यात ठेवलेली जोडी लग्नात काढली आणि चालता चालता सोल भुगा होऊन गळून पडला, असं होतं. असे बूट अधूनमधून घालत राहा.

मोजे आणि लेस

उन्हाळ्यात जाड सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या मोज्याने फोड येतो. पातळ, सिंथेटिक मिश्रणाचे मोजे घ्या, आणि बूट घ्यायला जाताना तेच घालून जा. टाच उचलली जात असेल तर लेसच्या सगळ्यात वरच्या जादा भोकाचा उपयोग करा. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून घालून छोटा फास करा, दुसऱ्या बाजूची लेस त्या फासातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागची हलत नाही. पायाचा वरचा भाग उंच असेल तर जिथे दाबतं तिथला तिढा सोडून लेस सरळ वर घ्या. नवी जोडी पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, अशी आठवडाभर रुळवा.

घरात कुणाला मधुमेह असेल तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा. पायाची जाणीव कमी झाली असेल तर फोड आल्याचं कळतही नाही आणि जखम चिघळते. त्यांच्यासाठी रुंद, आतून शिलाई नसलेला बूट डॉक्टरांना विचारून घ्या, आणि रोज घालण्याआधी आत हात फिरवून बघा.

भाच्याच्या चंदेरी बुटाचं पुढे असं केलं. टाचेच्या काठावरची प्लॅस्टिकची पट्टी मोच्याकडून काढून घेतली, आत मऊ पॅड चिकटवलं. पंजा कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर चार दिवस ताणला, पण प्लॅस्टिकच्या थरामुळे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सुटला. कॉलेजसाठी त्याने विणलेल्या अप्परची, रुंद साच्याची करड्या रंगाची जोडी घेतली, इनसोलवर उभं राहून. दिवाळीत आमच्याकडे आला तेव्हा पायात चंदेरीच होते. पाडव्याला सगळ्यांबरोबर फोटो काढून झाले, दोन तास झाले, आणि त्याने गाडीच्या हँडलला लावलेल्या पिशवीतून चपला काढून पायात सरकवल्या.